'प्रोग्नोसिस गार्डेड' मराठीत कसं सांगाल?

इंदूरची_सून: दिवाळीनंतर मोठ्या दिरांच्या मेंदूत गुठळी अडकली. डॉक्टर हिंदीत बोलत होते, मध्येच म्हणाले, "प्रोग्नोसिस गार्डेड है." सासूबाई मूळच्या सांगलीच्या, हिंदी भाजीवाल्यापुरतं. मी सांगितलं, "पुढचा अंदाज सावध आहे म्हणताहेत." त्यांनी तिथंच हात जोडले. "सावध आहे ना? शुद्धीवर आला एकदाचा!" दीर आता काठी धरून चालतात, पण तो क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. मी काय म्हणायला हवं होतं?

तुकोगंजकर: पूर्वानुमान. सरळ शब्द आहे.

पेठेतला: सरळ हिंदी आहे. आणि 'लकवा मारला' म्हणणाऱ्या इंदूरकरांकडून मराठी शब्द काय शोधताय? अर्धांगवायू म्हणा, पक्षाघात म्हणा.

तुकोगंजकर: आमच्या आजीला हिंदीचं अक्षर येत नव्हतं, ती लकवाच म्हणायची. गुठळी अडकली तर त्यात तुमचा 'वायू' कुठून शिरला, ते सांगा आधी.

वैद्यबुवा: लकवा मुळात अरबी, आणि तिकडे तो फक्त तोंड वाकडं होण्याला म्हणतात. त्याला आपल्याकडे अर्दित आहे. सूनबाईंच्या प्रश्नाचं उत्तर तर चरकातच आहे: साध्य, कृच्छ्रसाध्य (कष्टानं बरं होणारं), याप्य (नुसतं आटोक्यात राहणारं), असाध्य. गार्डेड म्हणजे कृच्छ्रसाध्य.

इंदूरची_सून: काका, हा शब्द ऐकून सासूबाईच शेजारच्या खाटेवर गेल्या असत्या.

निवृत्त_सिस्टर: न्यूरोच्या वॉर्डात जन्म गेला, म्हणून बोलते. शुद्ध मोजायची ग्लासगो कोमा स्केल 1974 सालची. डोळे उघडण्याचे 4, बोलण्याचे 5, हालचालीचे 6, मिळून 15. गंमत अशी की पेशंटचा काहीच प्रतिसाद नसला तरी प्रत्येकी 1 धरून 3 मिळतात. बाहेर कुणी "तीन आहे" सांगितलं की घरच्यांना वाटतं, चला, थोडं तरी आहे! आणि ताई, 'वाचेल का' आणि 'बरा होईल का' हे दोन प्रश्न आहेत. मोठ्या झटक्यात मेंदू सुजला की कवटीचा तुकडा काढून ठेवतात, त्यानं जीव वाचायची शक्यता वाढते. पण वाचलेल्यांतले कितीतरी पुढं दुसऱ्याच्या हातानं जेवतात. घरचे पहिला प्रश्न विचारतात, डॉक्टर बहुतेकदा दुसऱ्याचं उत्तर देतात. मी इतकंच म्हणायची, "अजून भरवसा देत नाहीत."

इंदूरची_सून: भरवसा देत नाहीत. हो, हे त्यांना कळलं असतं.

पेठेतला: पण त्यात दोष डॉक्टरवर जातो. 'सांगता येत नाही' जास्त नेमकं.

निवृत्त_सिस्टर: दारात उभं राहिल्यावर 'सांगता येत नाही'चं 'सांगवत नाही' कधी होतं, कळतही नाही.

सराफ्याची_लेक: 'झटका' पण नको हं. वीज, हृदय, फिट, सगळ्याला तोच. मी पुण्याच्या मावशीला फोनवर म्हटलं, "बाबांना दौरा आलाय." ती म्हणाली, "रिटायर झाल्यावर कसला दौरा?" त्या घोळात अर्धी रात्र गेली.

पेठेतला: बघा! हिंदीची सवय.

तुकोगंजकर: सवय म्हणे. 'अंदाज' फारसी, तो चालतो. 'दौरा' अरबी, तोही तुमच्या मंत्र्यांचा असला की चालतो.

वैद्यबुवा: पक्षाघातातला 'पक्ष' म्हणजे पंख की बाजू, यावर कुणी बोलेल का?

पेठेतला: बाजूच. आणि तुकोगंजकर, परवा तुम्ही इथेच 'येऊन राहिलोय' असं लिहिलंत, ते कुठल्या मराठीत बसतं?