गायरानातलं गिरिपुष्प, सुबाभूळ, वेडी बाभळ: सगळं एकदम काढावं का?

घाटमाथा_खानापूर (जि. सांगली)
गावच्या गायरान डोंगरावर जुन्या लागवडीतलं गिरिपुष्प दाट झालंय, ओढ्याकडेला सुबाभूळ आणि खालच्या माळावर वेडी बाभळ. साधारण बारा एकर. लांबून डोंगर हिरवागार, आत शिरलं की खाली गवताची काडी नाही. मारवेल, कुसळ फक्त कडेला उरलंय. तित्तर, ससा, चंडोल दिसले तर उघड्या तुकड्यातच. उन्हाळ्यात जेसीबी लावून सगळं साफ करायचं आणि जूनमध्ये देशी रोपं लावायची असा विचार चाललाय. बरोबर आहे का? की या झाडांच्या आपण उगाच मागे लागलोय?

रानबीज (सातारा)
उगाच नाही, पण जेसीबी मुळीच नको. मुरूम उकरला की पहिल्या वळवातच वरची माती ओढ्यात जाते आणि मोकळ्या जागेत घाणेरी नाहीतर रानमोडीसारखं तण घुसतं. शिवाय सुबाभळीचं बी कठीण कवचाचं असतं, मातीत वर्षानुवर्षं टिकतं. माती उलटीपालटी करणं म्हणजे त्या बियांना आमंत्रण.

गिरिपुष्प (उंदीरमारी) मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेतलं. फांदी खोचली तरी जगतं आणि वासामुळे आपली गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून रोपवनांत भरमसाट लावलं गेलं. गवत वाढतं जून ते ऑक्टोबर, आणि नेमकं तेव्हाच याच्या पानांचं छत दाट असतं. पानगळ होऊन ऊन खाली पोचेपर्यंत गवताचा हंगाम संपलेला. दुसरं असं, की याची शेंग वाळून तडकते, गर काहीच नसतो. बोर, भोकर, अमोणी, तेंभुर्णी असली की बुलबुल-मैना येतात आणि विष्ठेतून आणखी देशी बी टाकतात. फळच नाही म्हटल्यावर ते चक्र थांबतं. फेब्रुवारी-मार्चच्या फुलोऱ्यावर मधमाश्या, शिंजीर येतात, तेवढं श्रेय द्यायला हवं, पण फुलोरा ओसरला की पाखरांना तिथे फारसं काम उरत नाही.

काढायचं तर असं:
आधी सातबारा पाहा. जमीन वनखात्याची असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. गायरान असेल तरी ग्रामसभेचा ठराव आणि तहसील कार्यालयात विचारणा आधी.
पहिल्या वर्षी दोन-तीन एकरच घ्या. उतारावर समतल रेषेत पट्टे पाडा, एक काढायचा, एक ठेवायचा.
आत आपोआप आलेली देशी रोपं (बोर, हिवर, खैर, धावडा) शोधून त्यांना चुन्याचा पट्टा मारलेली काठी लावा. कुऱ्हाड चालली की ती पहिली तुटतात.
फुलोरा येऊन नवी पालवी पूर्ण फुटली की जमिनीलगत कापा. साठवलेलं अन्न तेव्हा सगळ्यात कमी असतं. मात्र शेंगा तडकायच्या आत. बी वीस-पंचवीस मीटर लांब उडतं.
अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतची रोपं जूनच्या चांगल्या पावसानंतर मुळासकट उपटून निघतात. वाळल्या मुरुमात ओढलं तर वरचं तुटतं, मूळ आत राहतं.
बुंध्याला फूट येणारच. हातभर व्हायच्या आत मोडायची, पावसाळाभर दर तीन आठवड्यांनी. इथेच बहुतेक कामं फसतात: तोडणीला पैसे असतात, फूट मोडायला कोणी नसतं.

माणदेशी_कुरण (ता. माण)
वरच्याशी सहमत, फक्त जूनमध्ये रोपं लावायच्या विचाराबद्दल एक. खालच्या माळावर रोपं लावूच नका, देशीसुद्धा नको. पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस असलेल्या पट्ट्यात ते मूळचं गवताळ रान. चंडोल, धाविक जमिनीवर अंडी घालतात, त्यांना चहूकडचं लांबवर दिसायला हवं. मधे झाड उभं राहिलं की कावळा-शिक्र्याला टेहळणीची जागा मिळते. चिंकाऱ्याचंही तेच, मोकळं रान आटलं की तो निघून जातो.

वेडी बाभळ वरून तोडणं म्हणजे तिला दाट करणं. फुटीचे डोळे जमिनीखाली मूळ-खोडाच्या सांध्यावर असतात, म्हणून टिकावाने उकरून वीतभर खालून तोडा. शेंगा पिकण्याआधी काम उरका. शेरडं-मेंढरं शेंगा खातात आणि बी लेंडीतून जिथे कळप बसेल तिथे पडतं. झाडावर सुगरणीचे खोपे असतील तर ते झाड पावसाळा संपेपर्यंत राहू द्या.

मारवेल, पवन्याचं बी दिवाळीच्या सुमारास गोळा करा, कोरड्या जागी ठेवून जूनमध्ये शेण-मातीत कालवून फेका. दोन पावसाळे चराईबंदी, गवत हवं त्याने कापून न्यावं. मेंढपाळांशी आधी बोला, त्यांची वाट बंद करून हे टिकत नाही.

घाटमाथा_खानापूर
रानबीजसाहेब, बुंध्याला तणनाशक लावलं तर फूट थांबेल ना? आणि एवढ्या मालाचं करायचं काय?

रानबीज
ताज्या कापावर पाच-दहा मिनिटांत लावलं तरच आत ओढलं जातं, नंतर लावलेलं वाया. पण तुमच्याकडे खाली ओढा आणि वर मेंढरं, मी तरी टाळेन. सुबाभळीचे मोठे बुंधे फारच चिवट असतील तर खणून काढा, खड्डा लगेच बुजवा.

गिरिपुष्पाचा कोवळा पाला उत्तम हिरवळीचं खत. डाळिंबाला झाडामागे पाच-सात किलो आळ्यात पसरून वर थोडी माती. सुबाभळीचा पाला शेळ्या आवडीने खातात, पण त्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असतं, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा. घोड्याला नकोच, केस गळतात. गिरिपुष्पाचे ओले सोट पावसात जमिनीवर टाकून ठेवू नका, पडल्या जागी मुळं धरतात. डोंगरावर खुंट हवेच असतील तर मोई किंवा पांगाऱ्याचे पाच-सहा फुटी सोट मे अखेरीला दीड फूट खोल गाडा. तेही तसेच जगतात, आणि ते आपले आहेत.