खाटकाचं दुकान आणि स्टेकहाउस एकाच छपराखाली : तुमचे अनुभव?

परवा पहिल्यांदाच अशा स्टेकहाउसमध्ये जेवलो, जिथे आत शिरल्यावर आधी मांसाचं दुकान लागतं आणि मग टेबलं. काचेपाशी उभं राहून तुकडा निवडायचा, खाटीक तो कापून तोलून देतो आणि तोच स्वयंपाकघरात जातो. मी रुबाबात ४०० ग्रॅमचा रिबआय (बरगडीजवळचा तुकडा) सांगितला. ताटात आला तेव्हा वाटलं, वाटेत कुणीतरी घास काढून घेतलाय. वजन कच्च्याचं असतं, शेकताना पाणी आणि चरबी जाऊन पाव भाग सहज कमी होतो, असं वेटरने शांतपणे सांगितलं. रोज सांगत असणार. तुम्ही गेला असाल तर लिहा. फजिती असेल तर आधी लिहा.

*

आम्ही टेंडरलॉइन खायचं ठरवूनच गेलो होतो. काउंटरमागच्या काकांनी विचारलं, "मऊ हवंय की चवदार?" म्हटलं, दोन्ही. हसले. म्हणाले, हा कण्याखालचा स्नायू, त्याला फारसं काम नसतं म्हणून लुसलुशीत. पण चरबी कमी, त्यामुळे चवही बेताची. मग आतून हँगर आणून दाखवला. श्वासपटलाला लोंबणारा, एका जनावरात एकच, मधोमध जाड शीर. पूर्वी खाटीक तो विकण्याऐवजी स्वतःसाठी ठेवायचे, म्हणून त्याला 'बुचर्स स्टेक' असंही म्हणतात. मेनूत नव्हताच. मिडियम-रेअर, म्हणजे आतून लालसर ठेवून, धाग्यांना आडवा कापून आला. टेंडरलॉइन बायकोने घेतलं आणि अर्ध्यावर माझ्या ताटात बघायला लागली.

*

फजिती हवी ना, घ्या. व्हॅक्यूमच्या पिशवीतून काढलेला तुकडा जांभळट दिसला. मी नाक मुरडून विचारलं, "शिळा आहे का?" काउंटरवरच्या बाई काहीच बोलल्या नाहीत. ट्रेमध्ये उघडा ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. वीसेक मिनिटांत लालचुटूक! मांसाला रंग देणाऱ्या प्रथिनाला, मायोग्लोबिनला, हवा लागली की रंग खुलतो म्हणे. ताटातला लाल रस म्हणजेही तेच, पाण्यात मिसळलेलं; रक्त नव्हे. हे सासऱ्यांना पटवता पटवता माझं जेवण गार झालं. त्यांनी वेलडन, म्हणजे आतपर्यंत पूर्ण शिजवलेला, मागवला आणि वर "वातड आहे" म्हणाले.

*

माझी तक्रार आहे. टॉमाहॉक म्हणजे लांब बरगडीसकटचा रिबआय. फोटो झकास येतो, पण हाडही त्याच भावाने तोललं. आधी विचारायला हवं होतं, मान्य. पण सांगायला काय झालं होतं?

*

मांस मुरवायची खोली पाहिली का कुणी? आम्हाला काचेबाहेरून दाखवली. थंडी १ ते ३ अंश, पंखा सतत चालू, दमटपणा मोजून राखलेला. फळ्यांवर मोठमोठे भाग हाडासकट ठेवलेले, बाहेरून अगदी काळेकुट्ट. मला वाटलं, हे तर गेलं. पण ती साल तासून टाकली की आत गडद लाल मांस. महिनाभरात मांसातलीच एन्झाइम्स स्नायूंचे धागे सैल करतात, पाणी उडून चव दाटते. सुकण्यात आणि तासण्यात मिळून तिसरा हिस्साही जाऊ शकतो. महाग का, ते तिथे कळलं. आम्ही एकाच भागातले दोन तुकडे मागवले, २८ दिवसांचा आणि ४५ दिवसांचा. पहिला भाजलेल्या सुक्यामेव्यासारखा खमंग. दुसऱ्याला निळ्या चीजचा दर्प. मला आवडला, भावाने दोन घासांत ताट सरकवलं. पहिल्यांदा जाणाऱ्याने २८ च्या पुढे जाऊ नये, हे माझं मत.

*

धागाकर्ता : वास टेबलापर्यंत येतो का? आमच्याकडे नव्हता.

*

नाही येत. आला तर उठून यावं.

*

मी शाकाहारी, मित्रांसोबत गेलेली. काचेकडे पाठ करून बसले. भाजलेला बटाटा उत्तम होता. बाकी दोन तास हाडांवर चर्चा.

*

अशाच एका ठिकाणी दोन वर्षं शेगडीवर होतो. दोन गोष्टी सांगतो. स्टेक उतरवल्यावर पाच-सात मिनिटं तसाच ठेवतो, लगेच कापला तर रस बशीत जातो. त्या वेळात गिऱ्हाईक आमच्याकडे खाऊ की गिळू असं बघतं. दुसरं, स्वतःचं दुकान असलं की कापताना निघालेल्या तुकड्यांचा खिमा तिथेच होतो, म्हणून तिथला बर्गर चुकवू नका. फक्त तो गुलाबी मागू नका. अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुतेक वरच असतात, तव्यावर मरतात. खिम्यात ते आतपर्यंत मिसळतात. तो ७१ अंशांपर्यंत शिजायलाच हवा.

*

+१ बर्गरला. आणि निघताना रश्श्यासाठी हाडं मागून बघा. मला पिशवीभर दिली, टॉमाहॉकवाल्यांनी वाचू नये.