मदत हवी आहे: घोरण्यासाठी जबड्याची पट्टी वापरल्याचा अनुभव

माझे पती (वय ४६) गेली २ वर्षे मोठ्याने घोरतात. उताणे झोपले की आवाज वाढतो आणि कुशीवर वळले की बराच उतरतो. मध्येच श्वास अडकल्यासारखा वाटल्याने निद्राचाचणी करून घेतली. तीत ताशी ९ वेळा श्वासात अडथळा येत असल्याचे, म्हणजे सौम्य स्वरूपाचा स्लीप ॲप्निया असल्याचे निष्पन्न झाले. डॉक्टरांनी तूर्त सीपॅप यंत्राची (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र) गरज नसल्याचे सांगून वजन घटवणे, कुशीवर झोपणे आणि जमल्यास खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी दातांची पट्टी वापरणे, असे मार्ग सुचवले आहेत.

वजन ४ किलोंनी उतरले आहे. मद्यपान ते करत नाहीत. नाकावरच्या पट्टीने फरक पडला नाही, कारण मुळात नाक चोंदलेले नसते. जादा उशीने मान पुढे वाकून घोरणे उलट वाढले. बनियनच्या पाठीला टेनिसचा चेंडू शिवून पाहिला, तर सकाळी चेंडूसकट बनियन पलंगाखाली सापडले. ते कधी काढले, हे त्यांना आठवतही नाही. डावा खांदा दुखत असल्याने केवळ उजवी कूस उरते आणि तिच्यावर ते फार वेळ टिकत नाहीत.

म्हणून आता जबड्याच्या पट्टीचा विचार आहे, मात्र त्यांच्या खालच्या दोन दाढांवर कॅप आहेत. दातांचे माप देऊन बनवलेली अशी पट्टी ज्यांनी किमान ६ महिने वापरली आहे, त्यांचा जबडा सुरुवातीला किती दिवस दुखत होता, वरखालचे दात जुळण्याची ठेवण बदलली का आणि कॅप असलेल्या दाढांना काही त्रास झाला का?