मदत हवी आहे: सँटोरिनीत फोटोसाठी कमी चढउताराच्या जागा

सप्टेंबरअखेरीस आईबाबांना घेऊन ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावर जातोय. इया गावातल्या पडक्या किल्ल्यावरून सूर्यास्त अप्रतिम दिसतो, पण तिथे खूप आधीपासून गर्दी होते आणि गुडघ्यांमुळे आईला फार वेळ उभं राहवत नाही. म्हणून माझा कल इमेरोविग्ली गावाकडे आहे. स्कारोसचा सुळका आणि मागे काल्डेराचं (ज्वालामुखीच्या, समुद्राने भरलेल्या विवराचं) निळं पाणी, दोन्ही एकाच फोटोत येतं. पायऱ्या न उतरता वरच्या वाटेवरूनच हे नीट दिसेल का? टेकायला कठडा वगैरे आहे का? फिरोस्तेफानीच्या तीन घंटांच्या चर्चचा निळा घुमट सकाळी चांगला येतो की दुपारनंतर? अक्रोतिरीच्या दीपगृहाजवळ गाडी कुठपर्यंत जाते? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया नक्की सांगा.