‘साक्षी’, ‘हुतात्मा’ की ‘रक्तसाक्षी’?

मुद्रितशोधक:
बाप्तिस्मा करणाऱ्या योहानावरचं एक प्रवचन छपाईआधी तपासतोय. २९ ऑगस्टला त्याच्या शिरच्छेदाचं स्मरण असतं, त्यानिमित्त. धर्मगुरूंनी हस्तलिखितात जागोजागी ‘विश्वासू साक्षी’ लिहिलंय. संपादकांनी लाल पेनाने ते खोडून ‘हुतात्मा’ केलंय. म्हणे, ‘साक्षी’ वाचलं की कोर्ट आठवतं. काहीतरी निसटतंय असं वाटतं, पण बोट ठेवता येत नाही. शेवटच्या परिच्छेदातल्या ‘पुनरुत्थान’च्या (मेलेल्यातून पुन्हा उठणं) जागी त्यांनी ‘पुनर्जन्म’ही सुचवलंय. त्यावर मात्र मी लगेच फुली मारली.

काळा कोट:
कोर्ट आठवलं तर बिघडलं कुठे? पिंजऱ्यातल्या माणसाला आम्ही एकच विचारतो: तुम्ही स्वतः काय पाहिलंत? ऐकीव सांगायला लागला की समोरचा वकील उठलाच. पाणिनीनेही ‘साक्षी’ हा शब्द ‘साक्षात् पाहणारा’ याच अर्थाने साधलाय (अष्टाध्यायी ५.२.९१). आता योहान बघा. गालीलचा राज्यकर्ता हेरोद अंतिपा याने भावाची बायको करून घेतली, ते याने तोंडावर सांगितलं आणि तुरुंगात पडल्यावरही शब्द फिरवला नाही. आमच्याकडे फिरवणाऱ्याला ‘फितूर साक्षीदार’ म्हणतात. त्याच्या शेजारी ठेवा, ‘विश्वासू’ कशासाठी लावलंय ते कळेल.

भुईगावची:
आमच्या वसईत तिसराच शब्द चालतो, रक्तसाक्षी. गोन्सालो गार्सिया इथलेच. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्यांना क्रुसावर मारलं, १८६२ साली संतपद मिळालं. त्यांच्यासाठी हा शब्द लहानपणापासून कानावर आहे. मल्याळममध्येही हाच शब्द आहे आणि तिकडे तो चर्चबाहेरही पडलाय. कम्युनिस्ट पक्षाच्या मारल्या गेलेल्या कार्यकर्त्यालासुद्धा रक्तसाक्षीच म्हणतात!

नव्या कराराच्या ग्रीकमधला ‘मार्तुस’ म्हणजे साधा साक्षीदार, कचेरीतलाच. साक्षीपायी जीव गेलेली माणसं वाढली तसा तो शब्द त्यांचा झाला. अरबी ‘शहीद’ही मुळात ‘साक्ष देणारा’च. ‘हुतात्मा’ सावरकरांनी घडवला, त्यात ‘हुत’ आहे, म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं. चित्र यज्ञाचं. हुतात्मा चौकाला तो शोभतोच, पण त्यातून माणसाने काय दिलं एवढंच दिसतं. तो काय सांगत होता, ते शब्दाबाहेर राहतं. तुमचं निसटतंय ते हेच असावं.

आणि योहान तर संदेष्टा, देवाचा निरोप आणणारा. त्याचं कामच सांगण्याचं. जुन्या मराठी ख्रिस्ती लेखनात संदेष्ट्याला ‘भविष्यवादी’ म्हणत. वाचलं की पोपटवाला ज्योतिषी डोळ्यांपुढे येतो. ‘संदेष्टा’ आला ते बरं झालं.

काळा कोट:
एक शंका, माझ्याच मुद्द्याविरुद्ध. योहान तर येशूच्या आधी गेला. येशूची रिकामी कबर त्याने पाहिलीच नाही. मग पुनरुत्थानाशी त्याच्या साक्षीचा संबंध काय?

भुईगावची:
त्याहून अडचणीचं सांगते. तुरुंगातून त्याने शिष्यांना येशूकडे पाठवलं: येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहायची? ज्याने नदीकाठी बोट दाखवून ‘हा पाहा’ म्हटलं होतं, तोच आता विचारतोय. उत्तर काय आलं? आंधळे पाहतात, लंगडे चालतात, मेलेले उठवले जातात (मत्तयाचं शुभवर्तमान, अध्याय ११). शिष्यांनी ते परत नेलं असणार. म्हणजे वकीलसाहेब, त्याच्या हाती शेवटी आला तो तुमचा ऐकीव पुरावाच. त्यावर तो काय म्हणाला, ते मत्तयाने लिहिलेलं नाही.

गोव्यात त्याच्या जन्माचा सण २४ जूनला, सांजांव, डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात. २९ ऑगस्टला तसला काही गाजावाजा नसतो.

मुद्रितशोधक:
‘पुनरुत्थान’बद्दलही कोणी बोला. आमच्या संपादकांना तो महापालिकेचा शब्द वाटतो.

नगरचा:
वाटणारच, ‘नागरी पुनरुत्थान’ योजनेच्या बशी इतकी वर्षं पाहिल्यावर! पण शब्द चपखल आहे. उत्थान म्हणजे उभं राहणं, ग्रीक ‘अनास्तासिस’ही तेच. पुनर्जन्मात देह नवा मिळतो, जुना सुटतो. इथे जो निजला तोच उठतो. येशूने मेलेल्यातून उठवलेल्या लाजराचं म्हणाल तर ते पुनरुज्जीवन, कारण तो पुढे पुन्हा मरणारच होता.

आमच्याकडे मयताच्या पत्रिकेवर ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ छापतात, वडीलधाऱ्यांच्या नावामागे ‘ख्रिस्तवासी’. आजीला दफन करून आलो तेव्हा शेजारच्या काकूंनी तिच्या खाटेवरची गोधडी आपटून घडी घातली आणि म्हणाल्या, “निजली गं बाय, उठवील तेव्हा उठेल.” काकू शाळेत गेलेल्या नव्हत्या. प्रेषित पौलाने करिंथकरांना पत्रात बी पेरण्याचा दाखला देत जे लांबलचक समजावलंय, त्यातलं निम्मं त्या वाक्यात आलं. ‘पुनर्जन्म’ घातलात तर ही सगळी निजण्या-उठण्याची भाषा लटकी पडते.

मुद्रितशोधक:
संपादकांना फोन केला. ‘पुनरुत्थान’ राहिलं. योहानाला ‘विश्वासू साक्षी’च ठेवलं, ‘रक्तसाक्षी’ एकदाच, शिरच्छेदाच्या वाक्यात. पण त्यांनी नवी हरकत काढलीय: “‘साक्षीने मान दिली’ असं वाक्य आहे. आमच्या चर्चच्या युवक संघात तीन साक्षी आहेत, त्यांच्या आया काय म्हणतील?” तिथे ‘या साक्षीदाराने’ करतोय. चालेल ना?

काळा कोट:
चालेल. उलटतपासणी नाही.