पाणी २८ अंश असूनही हरिकेन का तयार होत नाही?

निळापट्टा
हरिकेनसाठी (म्हणजे अटलांटिक आणि पूर्व पॅसिफिकमधल्या जोरदार चक्रीवादळासाठी) समुद्राचं पाणी किमान २६.५ अंश सेल्सिअस हवं, हे सगळीकडे वाचायला मिळतं. मग विषुववृत्तावरचं पाणी बहुतेक ठिकाणी त्याहून गरम असूनही तिथे हरिकेन का होत नाहीत? ब्राझीलच्या किनाऱ्यालगतही उन्हाळ्यात पाणी चांगलं तापतं, तिथेही जवळजवळ नाहीतच. आणि आफ्रिकेकडून अटलांटिकवर वर्षाला साठेक लाटा (पाण्याच्या नव्हे, हवेतल्या कमी दाबाच्या) येतात, त्यातल्या बहुतेक विरून का जातात?

बाष्पभार
२६.५ हा आकडा सरपण आहे की नाही एवढंच सांगतो. चूल पेटेल की नाही, ते बाकीच्या गोष्टींवर ठरतं.

विषुववृत्ताचं कारण सोपं. कमी दाबाकडे धावणारी हवा वळली तर भोवरा होतो, आणि ती वळवणारं, पृथ्वीच्या फिरण्यामुळे जाणवणारं कोरिऑलिस बल तिथे शून्य असतं. त्यामुळे हवा सरळ आत शिरते आणि खड्डा भरून टाकते. साधारण ५ अंश अक्षांशापलीकडे, म्हणजे ५०० किमी दूर गेल्यावर पुरेसं वळण मिळतं. अपवाद आहेत: डिसेंबर २००१ मध्ये सिंगापूरजवळ सुमारे दीड अंश उत्तरेला 'वामेई' हे चक्रीवादळ तयार झालं होतं, कारण तिथे आधीपासूनच दुसऱ्या कारणाने हवा फिरत होती.

दक्षिण अटलांटिकची अडचण वेगळी. तिथे विंड शिअर जास्त, म्हणजे दीड किमी उंचीवरचा वारा आणि बारा किमीवरचा वारा यांच्या वेगात आणि दिशेत मोठा फरक. शिवाय सुरुवात करून देणाऱ्या लाटाही नाहीत. मार्च २००४ मध्ये शिअर कमी पडला तेव्हा 'कॅटरिना' (इंग्रजी सी ने सुरू होणारं, २००५ चं के वालं वेगळं) ब्राझीलच्या सांता कॅटरिना राज्यावर आदळलंच.

उभावारा
शिअर नेमकं काय बिघडवतो ते सांगायला हवं. वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते तिने केंद्रावरचा हवेचा स्तंभ तापतो. गरम स्तंभ हलका, म्हणून खाली दाब उतरतो, वारा आणखी जोराने आत येतो, समुद्रावरून आणखी वाफ उचलतो. हे चक्र चालायचं तर उष्णता केंद्राच्या डोक्यावरच साठली पाहिजे. वरचा वारा ती एका बाजूला ढकलत राहिला की दाब उतरायचा थांबतो. शिअर २० नॉटच्या (सुमारे ३७ किमी प्रतितास) खाली असेल तर आशा, १० च्या आसपास असेल तर उत्तम.

लाटा विरण्यामागे कोरड्या हवेचा हातही मोठा आहे. सहारावरून धुळीसह येणारा थर साधारण दीड ते सहा किमी उंचीवर पसरलेला असतो. ती हवा ढगात शिरली की पाऊस वाटेतच वाळतो, गार झालेली जड हवा खाली कोसळते आणि पृष्ठभागावर पसरून गरम दमट हवेचा पुरवठा तोडते. जून-जुलैत हे फार दिसतं. ऑगस्टच्या मध्यापासून पाणीही तापलेलं असतं आणि शिअरही उतरतो, म्हणून अटलांटिकचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असला तरी शिखर १० सप्टेंबरच्या आसपास येतं. तगलेल्या थोड्या लाटाच भारी पडतात: अटलांटिकमधल्या श्रेणी ३ आणि वरच्या (वाऱ्याच्या वेगावरून १ ते ५ श्रेणी असतात) हरिकेनांपैकी सुमारे ८५ टक्क्यांचं मूळ याच लाटांत असतं.

खोलपाणी
एक भर. पृष्ठभागाचं तापमान पाहून थांबू नका. वारा समुद्र घुसळतो आणि खालचं गार पाणी वर आणतो. गरम थर २०-३० मीटरचाच असेल आणि वादळ रेंगाळलं, तर ते स्वतःचंच इंधन थंड करून बसतं. सुमारे ५० मीटरपर्यंत तरी ऊब हवी. २००५ च्या कत्रिनाने मेक्सिकोच्या आखातात जोर धरला तो लूप प्रवाह या तिथल्या गरम सागरी प्रवाहाच्या खोलवर गरम असलेल्या पाण्यावर.

निळापट्टा
मग उपग्रहाच्या चित्रात लाट पेट घेतेय हे ओळखायचं कसं?

उभावारा
ढगांच्या भडक्यावर जाऊ नका. समुद्रावर गडगडाटी ढग पहाटेकडे फुगतात आणि दुपारी बसतात, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. भडका दिवसभर एकाच जागी टिकतोय का ते बघा. मग दिवसाच्या दृश्य चित्रात खालचे बारीक ढग बघा. केंद्राच्या दक्षिणेला ते पश्चिमेकडून पूर्वेला जात असतील (उत्तर गोलार्धात), तर वाऱ्याचं वर्तुळ पूर्ण झालंय. लाटेत हीच बाजू सगळ्यात शेवटी जुळते. उघडा भोवरा एकीकडे आणि ढगांची टोपी दुसरीकडे दिसली, तर शिअर जिंकतोय.

वादळाला नाव मिळतं वाऱ्याचा वेग ६३ किमी प्रतितास झाला की, हरिकेन म्हणतात ११९ पासून. पण या पायऱ्यांना ठरावीक वेळ लागतो असं धरू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्व पॅसिफिकमधलं 'ओटिस' साध्या उष्णकटिबंधीय वादळापासून श्रेणी ५ पर्यंत एका दिवसात गेलं आणि अकापुल्कोजवळ धडकलं. हवामान अंदाजाच्या मॉडेलांनी इतकी वाढ दाखवलीच नव्हती.