‘स्प्लाइसिंग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी (एसएमए) या स्नायू दुर्बळ करणाऱ्या आनुवंशिक आजारावरील माहितीपत्रकाच्या मसुद्यात ‘जनुकजोडणीतील बिघाड’ असा शब्दप्रयोग आहे. मूळ शब्द ‘स्प्लाइसिंग’. तो योग्य ठरेल का?

प्रतिसाद १ : नाही. ‘जनुकजोडणी’ म्हटले की बीटी कापसासारखी, एका जीवाचे जनुक दुसऱ्यात बसवण्याची प्रयोगशाळेतील क्रिया आठवते. येथे जनुक जागच्या जागीच असते. त्यावरून उतरलेल्या आरएनएच्या कच्च्या प्रतीतून पेशी स्वतःच इंट्रॉन (मधले नको असलेले तुकडे) कापून टाकते आणि उरलेले एक्झॉन (ठेवायचे तुकडे) सांधते; हेच स्प्लाइसिंग. रॉबर्ट्स आणि शार्प या शास्त्रज्ञांना १९९३चे नोबेल मिळाले ते जनुकांच्या या खंडित रचनेच्या शोधासाठीच. कापणे आणि सांधणे अशा दोन्ही क्रिया असताना नुसती ‘जोडणी’ अपुरी पडते.

प्रतिसाद २ : मग चित्रपटाच्या श्रेयनामावलीतील ‘संकलन’ का नको? त्यात कापणे आणि जोडणे दोन्ही येते.

प्रतिसाद ३ : शब्द देखणा आहे, पण ‘रक्तसंकलन’ हा रुग्णालयातला रोजचा शब्द असल्याने रुग्णाचे नातेवाईक गोंधळतील. ‘स्प्लाइसिंग’च ठेवावे आणि एकदा अर्थ सांगावा. ‘एक्झॉन वगळला जाणे’ हे मात्र सरळ मराठी आहे, ते जरूर वापरावे.

माझा खरा आक्षेप ‘बिघाड’ला आहे. एसएमएच्या बहुतेक रुग्णांत एसएमएन-१ हे जनुक, किंवा त्याचा सातवा एक्झॉन, गळालेला असतो आणि सारी भिस्त एसएमएन-२ या जुळ्या जनुकावर येते. त्याच्या सातव्या एक्झॉनमध्ये डीएनएच्या ‘सी’ या अक्षराच्या जागी ‘टी’ असतो. या बदलाने अमिनो आम्ल बदलत नाही, म्हणून पाठ्यपुस्तकी वर्गीकरणात तो ‘मूक’ ठरतो. प्रत्यक्षात त्याच्यामुळेच तो एक्झॉन बहुतेक वेळा वगळला जातो आणि पूर्ण लांबीचे प्रथिन थोडेच तयार होते. (‘मूक’ ही संज्ञा येथे किती फसवी आहे, पाहा.) हा बदल बहुतेक निरोगी माणसांतही असतो, पण त्यांचे एसएमएन-१ शाबूत असल्यामुळे काही बिघडत नाही. तेव्हा एसएमएन-२च्या या वर्तनाला आजाराचे मूळ कारण म्हणू नये. आजाराची तीव्रता मात्र एसएमएन-२च्या प्रती किती आहेत यावर बरीच अवलंबून असते.

मसुद्यातील उपचारांच्या परिच्छेदातही या दोन जनुकांचा असाच घोळ दिसतो. अमेरिकेत २०१६च्या डिसेंबरात मान्यता मिळालेले न्युसिनर्सेन हे औषध एसएमएन-२च्या आरएनएवर बसून सातवा एक्झॉन राखायला लावते, तर लोकवर्गणीच्या बातम्यांमुळे घरोघरी ठाऊक झालेले ‘सोळा कोटींचे इंजेक्शन’ एसएमएन-१ची नवी प्रतच पुरवते. ‘जनुकोपचार’ हा शब्द फक्त दुसऱ्यासाठी ठेवावा.